हार्ड आणि हार्डली

३ जून
इंग्रजी व्याकरण हातात घेतलं. नियम सोपा. नामाबद्दल सांगायचं तर विशेषण, क्रियापदाबद्दल सांगायचं तर शेवटी ‘ली’. स्लो, स्लोली. लोक उगाच बाऊ करतात. ऑफिसात माझ्या इंग्रजीला वजन आहे. साहेब माझी प्रत्येक मेल दोनदा वाचतात.

५ जून
दादाची कंपनी बंद पडल्यापासून वहिनी नोकरी शोधताहेत. परवा दवाखान्यात रिसेप्शनिस्टचा इंटरव्ह्यू. ‘आय वर्क हार्ड’ असं त्यांनी पाठ केलं होतं. वेळीच वरच्या मजल्यावर त्यांच्याकडे गेलो म्हणून बरं. वर्क क्रियापद, मग ‘ली’ कुठाय? शिवाय तो शब्द आधी घेतला की वाक्याला भारदस्तपणा येतो. ‘आय हार्डली वर्क’ करून दिलं. वहिनी म्हणाल्या, कानाला कसंतरीच लागतं. म्हटलं, व्याकरण कानानं करत नाहीत.

७ जून, संध्याकाळ
वहिनींची नोकरी हुकली. पहिल्याच उत्तराला समोरच्या बाई हसल्या म्हणे. बाईंचं इंग्रजी कच्चं असणार.

८ जून
सहज शब्दकोश पाहिला. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. म्हणजे वहिनी सांगून आल्या, मी काम असं करतच नाही. आमचा शब्दकोश जुना आहे.

९ जून
ऑफिसातला नवा पाहिला. तेच. डबा तसाच परत आणला.

१० जून
सांगून टाकायचं ठरवून वर गेलो. दादा भाजी निवडत बसला होता. मान वर करून हसला. मीही दोन शेंगा निवडल्या आणि खाली आलो. उद्या नक्की.

११ जून
सकाळी वहिनी घाईत, संध्याकाळी मी. त्यांचा गॅस सिलिंडर मात्र न सांगता वर नेऊन ठेवला. बायकोनं विचारलं, तब्येत बरी आहे ना?

१४ जून
सांगितलं. सगळ्यांसमोर, जेवताना.
वहिनी म्हणाल्या, “ठाऊक आहे, भाऊजी. त्या बाईंनी तिथेच समजावलं. तुम्हाला लागेल म्हणून बोलले नाही.”
दादाला ठाऊक होतं. पुतणीला होतं. बायकोलाही होतं, आणि ती मला तब्येत विचारत होती. लपवत होतो तो मी एकटाच.
सोमवारी वहिनींचा दुसरा इंटरव्ह्यू आहे. उत्तरं पुतणीनं बसवून घेतलीत. मी विचारलं, माझी काही मदत? वहिनींनी बराच विचार केला.
स्कूटरवरून सोडायचंय. फाटकापर्यंत.