तो भट्टा नव्हता

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि परवा भर सभेत एकाने तुमच्या बॉलिंगला ‘भट्टा’ म्हटलं. मी समोरच बसले होते.

मोहन्याच्या मैदानात नवीन स्टँड बांधलाय. आपल्या भागातल्या आजवरच्या सगळ्यात भारी बॉलरचं नाव त्याला द्यायचं, म्हणून मंडळाने जुन्या खेळाडूंना आणि त्यांच्या घरच्यांना बोलावलेलं. शेवटी दोनच नावं उरली, तुमचं आणि हल्लीच्या एका डावखुऱ्या पोराचं. पोरं म्हणत होती, "तेव्हा हेल्मेट नव्हतं काका, म्हणून सगळे टरकायचे." म्हातारे म्हणत होते, आमच्या मॅटिंगवर टाकून दाखवा. इथवर मजा चाललेली. मग शहाडचे ते ओपनर उठले, फायनलला ज्यांची दांडी तुम्ही उडवली होतीत. "तो भट्टा टाकाचा. कोपर वाकवून फेकाचा. फेकणाऱ्याचा नाव लावाचा काय?" मागून कुणीतरी म्हणालं, "नाव काढा मग."

मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. मी फळीवरचा डबा काढतेय, फ्रॉकची लांब बाही वर सरकलीय, शेजारीण चहाला बसलीय आणि तुम्ही दारातून ओरडता, "बाही खाली घे!" तुम्ही स्वतः मे महिन्यातही फुल शर्टात. आपला उजवा कोपर जन्मापासून सरळ होत नाही, तुमचाही आणि माझाही, हे आईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. "लोकांनी कीव केलेली मला चालणार नाही," म्हणायचात. अहो, भट्टा म्हणजे वाकलेला हात बॉल सोडताना झटक्याने सरळ करणं. जो हात सरळच होत नाही, त्याला झटका येणार कुठून? एका वाक्यात मिटलं असतं. ते वाक्य तुम्ही जन्मभर बोलला नाहीत, आणि त्या हट्टाचा मला अजून राग येतो.

मी उठले. कुर्त्याची बाही वर करून हात त्यांच्यासमोर धरला.

"काका, हा सरळ करा."

"काय गो ह्या?"

"करा ना. अण्णांचा असाच होता, जन्मापासून."

त्यांनी दोन्ही हातांनी, जपून, ताणून पाहिला. नाही झाला. माझं मनगट त्यांनी हळूच सोडलं. "म्हंजे तवा मी आऊटच होतो," म्हणाले, आणि खाली बसले.

नाव तुमचंच लागलं. रविवारी मी अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून त्या डावखुऱ्याची मॅच बघायला गेले. लहानपणी तुमची बॉलिंग बघायला बसायचे त्याच बाजूला बसले. अण्णा, तो तुमच्यापेक्षा भारी आहे. हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण सभेत कुणाला बोलले नाही, आणि तुम्ही असतात तर तुम्हालाही बोलले नसते.