चिलापीच्या पाण्यावरची मेथी

९ जुलै, बुध.
मागच्या खोलीत ड्रम आडवा कापून बसवला. वर दोन ट्रे, ट्रेमध्ये खडी, खाली जुन्या कूलरची मोटर. पाणी वर चढणार, खडीतून झिरपून परत ड्रमात. पहिल्याच फेरीला निम्मं फरशीवर. शैला दारातून बघत होती. फडकं माझ्या अंगावर टाकून म्हणाली, "भवानीनगरच्या लॅबमदी बी असंच करत हुता व्हय?" साखर कारखान्यात उसाच्या रसाची गोडी मोजण्यात हयात गेली माझी, पण तिथे प्लंबर होता.

१३ जुलै, रवि.
भिगवण. सलीमकडून बोटुकली आणली, चिलापी माशाची बोटभर पिल्लं. सलीम म्हणजे लॅबमधल्या आमच्या शब्बीरभाईंचा मुलगा, मासळीचा धंदा करतो. पैसे घेईना. म्हणाला, मोठ्या झाल्या की मलाच परत द्या, काका, तुमच्यात खाणार कोण. बरोबर आहे त्याचं. मी बाहेर कधीमधी खातो, पण घरात मासळी नाही. शैला माळकरी. माहेरी, बावड्याला, लहानपणी आईने घातलेली माळ अजून गळ्यात आहे. दिला शब्द.
येताना एस.टी.त पिशवी मांडीवर. शेजारचा म्हणे रंगीत आहेत का. हिला अजून सांगितलेलं नाही की झाडांना खत हेच मासे देणार.

१४ जुलै, सोम.
सांगितलं.
सगळी खटपट हिच्याचसाठी. हिचं रक्त कमी. उन्हाळ्यात ओट्यापाशी चक्कर येऊन पडली तेव्हापासून रात्री उठून हिचा श्वास बघतो. गोळ्या हिला सोसत नाहीत. डॉ. म्हणतात पालेभाजी खा, भरपूर खा. आणि बाईसाहेबांनी पालेभाजीच सोडलेली, कारण मंडईत यायच्या जुड्या कुणीतरी ओढ्याच्या पाण्यात धुताना हिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं ते पाहिलं. म्हणून घरातच पिकवायची ठरवली, बिनफवारणीची, डोळ्यांसमोर.
आज सगळं समजावून सांगितलं. मासे घाण करतात, खडीतले जिवाणू त्या घाणीचं खत करतात, रोपं ते घेतात, पाणी निवळून माशांना परत. हिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एवढं गप्प ऐकते तेव्हाच ओळखायला हवं होतं.
"तुमी खावा. मी न्हाय खायाची."

१७ ऑग., रवि.
मेथी! किडमिडी, पिवळट, पण मेथी. हिने निवडली, लसूण घालून परतली, मला वाढली. वासाने शेजारच्या जगतापवहिनी आल्या, त्यांनी वाटीभर नेली. ही पिठलं-भाकरी खात बसली. मी म्हटलं चव तरी बघ. नाही.
जेवण झाल्यावर पाणी तपासायचं किट काढलं. पाण्यात थेंब टाकले, नळी हिच्या डोळ्यांपुढे धरली. पिवळं राहिलं म्हणजे पाणी चांगलं, हिरवं झालं तर वाईट. बघ, पिवळं आहे. "हाय की," म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

२८ ऑग., गुरु.
परत किट. परत पिवळं. परत "हाय की".

६ सप्टें., शनि.
एक गंमत. भाजीला हात लावत नाही, पण माशांना सोडत नाही. सकाळी देवपूजा झाली की मागच्या खोलीत जाऊन कणकेच्या बारीक गोळ्या टाकते. पोरी म्हणते त्यांना. मी "सलीमच्या" म्हणतो, ते आवडत नाही. मी म्हटलं त्यांचं खाद्य वेगळं मिळतं, मी ते देतो. म्हणाली, पोरींना रोज तेच तेच खाऊन कंटाळा येत नाही का. ह्याला उत्तर किटमध्ये नाही.
पाण्याजवळ बसली की जरा रंग दिसतो चेहऱ्यावर. की मलाच तसं वाटतं...

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री अमावास्या.
मी दिवसभर भवानीनगरला, शब्बीरभाईंकडे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. संध्याकाळी परतलो तर खोलीत उदबत्तीचा धूर आणि दारात अनोळखी चपलांची रांग.
झालं असं की माशांना कणीक घातली की पितरांना पोचतं, हे जगतापवहिनींना कुणीतरी सांगितलेलं. दरवर्षी त्यासाठी कऱ्हेवर जायच्या. यंदा म्हणाल्या, नदी कशाला, शैलाताईंच्या घरात आहेत की. त्यांच्यामागे गल्ली आली. प्रत्येकीचे सासू-सासरे, प्रत्येकीची कणीक. ड्रमात माशांपेक्षा गोळे जास्त. गाळणीने निघाले तेवढे काढले. ही खुशीत होती. म्हणाली आज पोरी पोटभर जेवल्या, माझी आईबी जेवली.

२२ सप्टें., सोम.
सकाळी मोटर बंद. जाळीत कणीक बसून घट्ट पीठ झालेलं. पाणी ताकासारखं. सगळ्या चिलापी वर तोंड काढून आ वासतायत. थेंब टाकले, हिरवंगार. असा रंग मी कधी पाहिला नव्हता.
नळाच्या पाण्यात औषध, ते चालत नाही. जगतापवहिनींच्या बोअरवरून बादल्या. मी दोन आणेपर्यंत माझी कंबर गेली. मागे बघतो तर ही बादली घेऊन येतेय. रक्त नाही अंगात, चालताना धाप लागते आणि भरलेली बादली. ओरडलो. खरंच ओरडलो, कधी नाही तो. थांबली नाही. वहिनी धावल्या, त्यांच्या सुनेला हाक मारली, मग बायकांनीच ड्रमातलं पाणी बदलून टाकलं. मी मोटर धूत बसलो.
चार गेल्या.

२३ सप्टें., मंगळ.
हिने त्या चौघींना अंगणातल्या कढीपत्त्याखाली पुरलं. हळदकुंकू वाहिलं. आज जेवली नाही. "माझ्या हातानं झालं," एवढंच. मी म्हटलं पितरं सगळी एकदम जेवायला आली त्याला तू काय करणार. हसली नाही. मलाही ते बोलून बरं वाटलं नाही.
खोलीच्या दारावर पाटी लावली, माशांना खाऊ घालू नये. खाली हिने स्वतः लिहिलं, कृपया.

१५ ऑक्टो., बुध.
रिपोर्ट. रक्त आणखी उतरलं. डॉ. माझ्याकडे बघून बोलत होते, मला तेच आवडलं नाही. डिसेंबरात परत तपासणी, तोवर चढलं नाही तर भरती करून रक्ताची बाटली लावायची. रिक्षात ही बाहेर बघत राहिली. ऊस वाहायची ट्रॅक्टरं सुरू झाली वाटतं, म्हणाली.
ट्रेमध्ये मेथी गुडघ्याएवढी झाली असती, मी कापत नसतो तर. पालक हाताएवढा. सर्वपित्रीचं खत लागू पडलंय. आणि ही पिठलं खातेय. कधी कधी असा राग येतो की...

४ नोव्हें., मंगळ.
सलीमचा फोन. काका, वीतभर झाल्या असतील. १६ला, रविवारी येतो न्यायला. ड्रमात दाटी झालीच आहे, मोठ्या गेल्या तर बाकीच्यांना श्वास मिळेल. हो म्हटलं. ही भाजी निवडत होती, ऐकत होती.

८ नोव्हें., शनि.
मोठ्यांतली एक खात नाही. हिनेच दाखवली. कोपऱ्यात एकटी, खाद्य टाकलं तरी तोंड उघडत नाही, गालगुंड झाल्यासारखी हनुवटी सुजलेली. रोग असणार. बाकीच्यांना लागायच्या आत काढलेली बरी. जाळं आणायला निघालो तर ही ड्रमापुढे उभी.
"आजारी माणसाला घराभायेर काढत्यात का?"
मी जाळं ठेवून दिलं. तिच्याकडे बघवेना.

१२ नोव्हें., बुध.
अजून खात नाही. ही सकाळ-संध्याकाळ पाटावर बसून तिच्याकडे बघते. मी म्हटलं दोघी सारख्याच, एक ड्रमात आणि एक ड्रमाबाहेर, एकीलाही माझ्या हातचं चालत नाही. ह्यावर मात्र हसली. किती दिवसांनी.

१४ नोव्हें., शुक्र.
दुपारी हाक आली. "आवो, हिकडं या. हळू या."
पाण्यात त्या मासोळीच्या तोंडापुढे धूळ उडावी तसं काहीतरी. धूळ नाही, पिल्लं. मोहरीएवढी, नुसते डोळे. माझी सावली पडली आणि सगळी तिच्या तोंडात पळाली. तिने तोंड मिटलं. हनुवटी परत सुजलेली.
सूज म्हणजे हे. इतके दिवस तोंडात धरून बसलीय, म्हणून खात नाही. मी रोग म्हणून काढायला निघालो होतो.
ही वाकून बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "रव्वारी हिलाबी देनार काय?"
मी म्हटलं हिला नको, दुसऱ्या देऊ.
"ज्यांच्या जिवावर भाजी यायची त्यांनाच कापायला द्यायचं, आन् वर ती भाजी मी खायाची? माळ घालून?"
मी पाटावरच बसलो. जुलैपासून मी पाणी दाखवतोय हिला. नळी, थेंब, पिवळं, हिरवं, जिवाणू. आणि हिचं पाण्याविषयी काही म्हणणंच नव्हतं. पहिल्या दिवशी मी आनंदाने सांगितलं होतं की मोठ्या झाल्या की सलीम नेणार आहे. ते हिने ऐकलं, बाकीचं ऐकलंच नाही. म्हटलं आधी का नाही बोललीस. म्हणाली, तुम्ही शब्द दिला होता, मी कशी मोडायला सांगू.
आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि मी हिला थेंब टाकून दाखवत होतो.

१५ नोव्हें., शनि.
सलीमला फोन. कधी कुणाला दिलेला शब्द मोडला नव्हता, दोनदा नंबर लावून ठेवून दिला. सगळं सांगितलं, माळेचं, पिल्लांचं, डॉ. काय म्हणाले तेही. ऐकून घेतलं पोराने. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, काका. काकूंनी खाल्लं तर मला पोचलं. पन चिलापी हाय ती, होळीपतुर तुमाला झोपायला जागा ठेवायची न्हाय."
खरंच आहे ते. इतक्या ठेवायच्या कुठे, मला माहीत नाही. ही म्हणते आपला दिवाण काढून टाकू, दुसरा ड्रम बसेल. आणि निजायचं कुठे? "खाली."
मी भाजीविषयी काही विचारलं नाही.

१६ नोव्हें., रवि.
सलीम आलाच. न्यायला नाही, जुना मोठा ड्रम टेम्पोतून घेऊन. चहा घेतला, पिल्लं बघितली, काकूंना म्हणाला आता ह्या तुमच्याच. हिने त्याला मेथीची जुडी बांधून दिली. दिवाण अंगणात गेला.

२१ नोव्हें., शुक्र.
पिल्लं आता तोंडात मावत नाहीत. आईने हाकलली असावीत, ट्रेमधून खाली आलेल्या मुळांच्या जाळीत लपून बसतात.
सकाळी मी माझ्यापुरती मेथी खुडत होतो. ही ड्रमापाशी पाटावर. खाद्य टाकलं, वाकून बघितलं, मग पाण्याशी बोलावं तसं हळू म्हणाली, "खाल्लं बया तिनं. खाल्लं."
मी ऐकत होतो, हात चालू होता. पाठीमागून परत आवाज आला.
"जरा जास्ती खुडा."
जगतापवहिनींना द्यायला असेल. सलीमला पाठवायला असेल. तपासणी अजून व्हायचीय. किती जास्त ते विचारलं नाही. दोन्ही ट्रे खुडून टाकले.