आयनरचे सात पौंड

टॅमरॅक वृद्धनिवास, खोली १४,
मिनेसोटा
१९ मार्च

प्रिय ऑर्लिन,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (डाव्याचंही विचारणार होते, पण त्याची तू कधी तक्रार करत नाहीस, तेव्हा तो बरा असणार.) जोआनला सांग, तिने विणलेले मोजे अगदी मापात बसले, उगीच एवढा त्रास घेतला. मी ठणठणीत आहे. रक्तदाब डॉक्टरांना आवडेल असा आहे, सात दात अजून माझे आहेत, बाकीचे रात्री पेल्यात असतात. इथे बर्फ वितळायला लागलंय, तरी तळ्यावर दोन वेडे अजून बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलेत. त्यांना पाहून तुझी आठवण आली.

आठवण यायला आणखीही एक कारण आहे. माझ्याकडे ठेवायला दिलेल्या तुझ्या मासेमारीच्या पेटीतली शिशाची वजनं सध्या इथल्या नर्सबाईंच्या कपाटात कुलपाआड आहेत. रागावू नकोस. म्हणजे आधी सगळं ऐकून घे आणि मग सावकाश रागाव. जे झालं ते तुझ्याच मित्रासाठी झालं.

बायको व्हर्ना वारल्यावर आयनर इथे राहायला आला, हे तुला माहीत आहेच. तो माझ्याच टेबलावर, माझ्या समोरच्या खुर्चीत बसतो. जानेवारीपासून तो वाळायला लागला. दर सोमवारी नाश्त्यानंतर आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून वजन करतात, आणि दर सोमवारी आयनरचा काटा थोडा खाली. फेब्रुवारीत संचालकबाईंनी त्याला बोलावून सांगितलं, की आणखी चार पौंड उतरले तर तुमची काळजी घेणं आम्हाला इथे जमणार नाही, तुम्हाला काउंटीच्या शुश्रूषागृहात हलवावं लागेल. ते चाळीस मैलांवर आहे. आयनरने हे मला हवापाणी सांगावं तसं सांगितलं. वर म्हणाला, तिथलं जेवण चांगलं असतं म्हणे. अरे, तिथे माणसं पलंगावर जेवतात. मला रडू आलं ते मी कॉफीच्या पेल्यात लपवलं. समोरची खुर्ची रिकामी बघत जेवायचं माझ्यात बळ नाही, तुला खरं तेच सांगते.

आता तू म्हणशील, जेवण वाईट असेल. तेच तर नाही. जानेवारीत आमची मार्लिस निवृत्त झाली (बावीस वर्षं वाढप केलं तिने, आणि जीभ अशी की कसायाने तिच्यावर सुरीला धार लावून घ्यावी). तिच्या जागी केलिन नावाची आहारतज्ज्ञ आली. ॲरिझोनाची पोरगी, वय अठ्ठावीस, दात सगळे स्वतःचे. आल्या आल्या तिने मिठाच्या बाटल्या उचलल्या, डब्यातल्या सूपमध्ये बुडवलेलं आपलं बटाट्याचं हॉटडिश आठवड्यातून एकदाच ठेवलं आणि प्रत्येक ताटात तीन रंग हवेत असा हुकूम काढला. मी महिनाभर तिच्याशी भांडले. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला पालेभाजी शिकवू नये, असंही सुनावलं. पण काय सांगू, पोरगी भाजलेलं बीट असं करते की मी ताट पुसून खाल्लं. मासे, घेवडा, जवसाचा पाव, सगळंच चवीचं. (हे जोआनला सांगू नकोस, तिच्या हॉटडिशला मी पन्नास वर्षं नावाजलंय.)

केलिनचा आणखी एक नियम होता. म्हातारी माणसं म्हणजे लहान मुलं नव्हेत, त्यांना एकदा विचारावं, ते नको म्हणाले की त्यांच्या शब्दाचा मान राखावा. हे तिने चौकटीत घालून भिंतीवर लावलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात मी.

आयनर का खात नाही यावर मग ज्याने त्याने आपापलं शोधून काढलं. त्याच्या मुलीला वाटलं कवळी बोचते, पाद्रीबाबांना वाटलं श्रद्धा डळमळली, डॉक्टरांनी रक्त काढून नेलं. मला वाटलं व्हर्नाचं दुःख. दुःखावर माझ्याकडे औषध नव्हतं, पण वजनावर होतं. आयनरचं ते चार खिशांचं लोकरी जाकीट तू पाहिलंयस. त्यात मी तुझं शिसं भरलं. तो आधी तयार होईना, म्हणाला हे खोटं बोलणं आहे. मी म्हटलं, काटा तुम्हाला काही विचारतच नाही, तर खोटं बोलाल कसे? हे त्याला पटलं. (तो पूर्वीपासूनच भोळा.) मला तीनच पौंड हवे होते, पण अर्धवट काम मला जमत नाही. काटा सात पौंड वर गेला.

मला वाटलं, आता टाळ्या. नर्सबाईंचा चेहरा मात्र पांढरा पडला. एका आठवड्यात सात पौंड म्हणजे अंगावर मांस नव्हे, अंगात पाणी, आणि पाणी म्हणजे हृदय दमलं. त्याच्या नडग्या दाबून पाहिल्या, डॉक्टर आले, उरलंसुरलं मीठही बंद, पाणी पेल्याने मोजून, पाय दिवसभर स्टुलावर. तो आठवडा बिचारा पाय वर करून अळणी घास चिवडत बसला, आणि आर्डिस, हे तुमच्यामुळे झालं, असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

पुढच्या सोमवारी काट्यावर चढताना जाकिटाचा उजवा खिसा उसवला. तुझं शिसं घरंगळत गेलं, आणि एक गोळा थेट संचालकबाईंच्या बुटाला जाऊन लागला. आयनर म्हणाला, माझं आहे. मी म्हटलं, माझं आहे. (तुझं नाव मी घेतलं नाही, तेवढं माझ्या बाजूने लक्षात ठेव.) जाकीट काढून पुन्हा वजन केलं तेव्हा चारांपैकी तीन पौंड उतरलेले होते. एकच उरला होता.

केलिनने मला तिच्या खोलीत नेलं. वाटलं, आता बोलणी खायची. तर तीच रडायला लागली. म्हणाली, आर्डिसबाई, मी काय चुकतेय ते तरी सांगा, ते सोन्यासारखं जेवण परत पाठवतात. मग नाक पुसून, माणसाने माणसाला विचारावं तसं, ओटच्या बिस्किटांची बशी पुढे केली, घेणार का? मी म्हटलं, नको गं, कशाला. तिने बशी उचलली आणि खणात ठेवली.

ऑर्लिन, मी त्या खणाकडे बघत राहिले. मला ते बिस्कीट हवं होतं. मनुका घातलेलं होतं. आणि बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणायला माणूस अधाशीच असावा लागतो. दुसऱ्यांदा नको म्हणायचं, म्हणजे समोरच्याला खरंच द्यायचंय की नाही ते कळतं. तिसऱ्यांदा, बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर. आईने आपल्याला दुसरं काय शिकवलं? मार्लिस तिसऱ्यांदा विचारायची नाही, ती सरळ वाढायची आणि वर म्हणायची, गिळा आता. आणि ही गुणी पोरगी एकदा विचारून, मान राखून, पुढे जात होती. आयनरला काही झालेलं नव्हतं. तो सभ्यपणापायी उपाशी मरत होता.

मी हे केलिनला सांगितलं. तिला वाटलं मी थट्टा करतेय. म्हटलं, खण उघड आणि मला आणखी दोनदा विचार. तिने विचारलं. मी तीन बिस्किटं खाल्ली.

त्या दुपारी ती मासे घेऊन आयनरजवळ उभी राहिली. आणखी थोडं? नको, पुरे झालं. अहो, एक तुकडा? राहू द्या, बाकीच्यांना होऊ दे. बाकीच्यांचं झालं, हे आता टाकावं लागेल. आयनर ताटाकडे बघत म्हणाला, बरं, टाकण्यापेक्षा मग. दोन तुकडे, घेवडा, पुन्हा घेवडा, वर बीट. मी माझं जेवण विसरून त्याच्याकडे बघत होते. त्यानंतर केलिन टेबलाटेबलावर फिरली, आणि त्या जेवणघरात जानेवारीपासूनची भूक एकदम बाहेर आली. आता तिने छापील तक्ताच केलाय, प्रत्येकाच्या नावापुढे तीन चौकटी. (डेल्फीन क्वामला घेवडा मनापासून आवडत नाही. तिला बिचारीला आता आठवड्याला नऊ वेळा नको म्हणावं लागतं.) या सोमवारी आयनर पाच पौंडांनी वर आहे, खिसे उलटे करून. संचालकबाईंनी त्याला काउंटीत हलवायचा कागद माझ्यादेखत फाडला. तो इथेच राहणार, समोरच्या खुर्चीत.

पत्र लांबलं. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
आर्डिस

ता.क. शिसं फक्त मालकाच्या हातात देऊ असं नर्सबाई म्हणतात. तेव्हा एकदा ये. आलास तर जेवूनच जा.

ता.क. २. खरं तर हे पत्र यासाठी. कोपऱ्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्यात, स्वतःचा स्टोव्ह असलेल्या. त्या जोडीने राहणाऱ्यांनाच मिळतात. गेल्याच्या आदल्या रविवारी चर्चनंतर कॉफी पिताना आयनरने मला विचारलं, आर्डिस, तिथे तुम्हाला माझ्याबरोबर चालेल का. मी अर्थातच म्हटलं, नको, कशाला, माझी खोली बरी आहे. तो बरं म्हणाला आणि पेला विसळायला गेला. त्याला आज दहा दिवस झाले. महिनाअखेरीस खोल्या दुसऱ्या कुणाला देतील. तू त्याला फोन कर. माझं नाव काढू नकोस. गुडघ्याबद्दल बोल, माशांबद्दल बोल, आणि मग सहज म्हण, की माणसाने एकदाच विचारून गप्प बसू नये.

ता.क. ३. कोपऱ्यावरच्या खोल्यांच्या दोन्ही खिडक्या चोपन्न इंच रुंद आहेत. जोआनला पडदे शिवायला सांगू नकोस हं, कशाला तिला त्रास.