भिंतीपासची रेघ

६ ऑगस्ट २००२
मानसशास्त्राचं पहिलं प्रॅक्टिकल. खोलीत एक खुंटी, फरशीवर खडूच्या तीन रेघा. हवं तिथून खुंटीवर तीन रिंगा टाकायच्या. झाडून सगळी पोरं मागच्या भिंतीला चिकटली. एकाचीही खुंटीवर पडली नाही, हसून हसून बेजार. आम्ही मुली खुंटीजवळच्या पहिल्या रेघेवर. सर म्हणाले, "बघा, जोखीम न घेणं हा मुलींचा स्वभाव." आम्ही वहीत लिहून घेतलं. माझा स्वभाव सरांना कळला? मलाच अजून कळलेला नाही.

८ ऑगस्ट
पोरं एनसीसीला. प्रॅक्टिकलची खोली उघडीच. वर्गातल्या रेखाला म्हटलं, चल. बघायला कोणी नाही तर बाई थेट भिंतीपाशी! मीपण. मग परवा हा स्वभाव कुठे गेला होता?

९ ऑगस्ट
गावी परतताना सेनगावच्या जीपमध्ये तोच विचार. पोरं टपावर, आम्ही मधल्या सीटवर कोंबलेल्या. वर्गातला विठ्ठल आमच्याच गल्लीतला. त्याची रिंग हुकली तर गंमत. माझी हुकली, वर्ग हसला, तर ते हसू माझ्याआधी घरी. आबांनी ॲडमिशनलाच बजावलंय, "एक शब्द कानावर आला की कालेज बंद." पोरांची फक्त रिंग जाते, माझं कॉलेजच. सरांना सांगू? ती पण जोखीमच की!

१३ ऑगस्ट
सांगितलं. सर चिडले नाहीत. "मग आज टाक सगळ्यांसमोर. हवं तिथून." गेले भिंतीपाशी. विठ्ठल ओरडला, "पुढं हो गं, तुला न्हाई जमायचं!" तिन्ही हुकल्या. वर्ग खदखदला. मला मात्र इतकं छान वाटलं की घाबरायचंच राहून गेलं. घाबरायचं ते जीपमध्ये आठवलं. टपावर विठ्ठल होता.

१४ ऑगस्ट
पोचलं. सकाळी विठ्ठलचे वडील ओट्यावर बसून गेले. आबा एवढंच म्हणाले, "पोरांम्होरं खेळ करायला जाती व्हय तू?" आता पाठवतात की नाही, देव जाणे.
आबा शेताकडे गेले तशी भाकरी थापता थापता आईनं हळूच विचारलं,
"पडली का मंग?"
"न्हाई."
"किती दुरून व्हती?"
चुलीपासून दारापर्यंत चालून दाखवलं. आई दाराकडे बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली.
"म्या कुठून टाकली असती गं?"