इनामदारांचा उपास

२ सप्टेंबर, सोमवार
बुटका लायनफिश घरी आला. लांबी ११ सेंटिमीटर. विटकरी पट्टे, पंख्यासारखे पर, पाठीवर विषारी काटे. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. त्यांच्यासमोर काहीतरी हलतं असावं, म्हणून ही खरेदी.
मासा हलत नाही. दगडावर पर पसरून बसून राहतो. बाबांनी त्याचं नाव इनामदार ठेवलं.
अ‍ॅक्वेरियमवाल्याचं म्हणणं असं: याला फक्त जिवंत कोळंबी कळते. गोठवलेली मेलेली कोळंबी काडीला लावून हलवत राहा, हळूहळू शिकेल. आठवड्यातून तीनदा, त्याहून जास्त नाही. उपाशी मेलेला लायनफिश त्याने पाहिलेला नाही, खाऊन मेलेले पाहिलेत.
योजना: एकवीस दिवसांत गोठवलेल्या अन्नावर आणणे. टाकीच्या काचेवर नोंदतक्ता चिकटवला. खाऊ घालणार फक्त मी. बाबांना कारण दिलं की काटे विषारी आहेत. खरं कारण, त्यांचं माप म्हणजे ‘थोडंसं’. मी वजनकाटे तपासून प्रमाणित करते. ‘थोडंसं’ हे एकक मला मान्य नाही.
बाबा ‘हो साहेब’ म्हणाले.

५ सप्टेंबर, गुरुवार
गोठवलेली कोळंबी, काडी, पंचवीस मिनिटं. मी आमच्या मॅनेजरच्या प्रेझेंटेशनकडे जशी बघते, तसा इनामदार कोळंबीकडे बघत होता. खाल्ली नाही.
बाबा खुर्चीतून सूचना देत होते. काडी अशी धर, तशी धर, ती कोळंबी आहे की घड्याळाचा लंबक. मी ऐकून घेतलं.
तक्ता: शून्य.

७ सप्टेंबर, शनिवार
पाच दिवस अन्न नाही. बाबा म्हणाले, त्याचं पोट खपाटीला गेलंय. मी फोटोवरून मोजलं. गेलेलं नाही. आई म्हणाली, मोजून भूक कळत असती तर डॉक्टर कशाला लागले असते. आई लायब्ररीत नोकरीला आहे. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर एक वाक्य तयार असतं.
संध्याकाळी ६.२० ला एक जिवंत कोळंबी दिली. बाबा सहा ते पावणेसात फिरायला जातात, आई सातला येते. त्यांच्यापासून लपवायचं असं काही नव्हतं, वेळ तशी जुळून आली. माशाला भूक आहे की नाही हे आधी तपासायला हवं होतं. आहे.
ही चाचणी होती, खाऊ घालणं नव्हे. म्हणून तक्त्यात लिहिलं नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार
गोठवलेली नाकारली. ६.१५ ला दोन जिवंत. आधी पर पसरून कोळंबीला कोपऱ्यात घेतो, मग डोकं तिरकं करतो, आणि नंतर तिथे कोळंबी नसते. पापणी लवायच्या आत. बघायला बरं वाटतं.
शेवटचं वाक्य तांत्रिक नाही. राहू दे.

१४ सप्टेंबर, शनिवार
मी खोलीत आले की इनामदार काचेपाशी येतो. बाबा हरखले. मला ओळखतो म्हणाले. मी सांगितलं, ही फक्त सवयीची प्रतिक्रिया आहे. नंतर लक्षात आलं की सवय कशाची, हा प्रश्न ते विचारू शकतात. विचारला नाही. बाबांनी पस्तीस वर्षं हेडक्लार्क म्हणून काढली. त्यांच्या लेखी कागदावर आहे ते झालं, नाही ते झालं नाही.
आजच्या चार जिवंत धरून अकरा. सोमवारपासून बंद.

१८ सप्टेंबर, बुधवार
बंद करता आलं नाही. तो काचेपाशी येतो. मी काय करू.
एकूण चोवीस.
बाबा रोज सकाळी चष्मा लावून तक्ता वाचतात. शून्य, शून्य, शून्य. काल त्यांनी अर्धं ताट तसंच ठेवलं. आईने विचारलं तर म्हणाले, तो बिचारा सोळा दिवस तोंडात काही न घालता बसलाय, माझ्या घशाखाली कसं उतरेल. मी म्हणाले, हे मासे कित्येक आठवडे उपाशी राहू शकतात. हे खरं आहे. पुस्तकात दिलंय.
उद्या सांगेन.

२१ सप्टेंबर, शनिवार
विसावा दिवस. इनामदार तळाला पडून आहे. पोट फुगलंय, श्वास जोरात चालू आहे. पर मिटलेत.
दुपारी बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. बस म्हटलं तरी बसेनात. मग सांगितलं. गुरुवारी ते काठी टेकत दुकानात गेले होते. पिशवीतून एक जिवंत कोळंबी आणली आणि त्याला दिली. बघवत नव्हतं म्हणाले. जायला-यायला दीड तास लागला. मला वाटलं होतं बँकेत गेलेत.
“तुझ्या शिस्तीत मी लुडबुड केली,” ते म्हणाले. “एका कोळंबीने होतं का गं असं?”
मी म्हणाले, “होऊ शकतं.”
तत्त्वतः होऊ शकतं. सतरा दिवस उपाशी माशाला एकदम जड अन्न दिलं तर. पण तो सतरा दिवस उपाशी नव्हता. कालपर्यंत माझ्या बत्तीस.
ते मान हलवून गेले. मी पाण्याचं तापमान मोजायला गेले. 

२२ सप्टेंबर, रविवार
अ‍ॅक्वेरियमवाला घरी येऊन बघून गेला. जास्त खाणं झालंय. बारा-तेरा दिवस कडकडीत उपास, एक दिवसाआड पाणी बदला, पुढे त्याचं नशीब. एकूण किती दिल्या, असं त्याने विचारलं. शेजारी बाबा उभे. मी म्हणाले, नोंद बघून सांगते. त्याने काचेवरच्या तक्त्याकडे पाहिलं, सगळी शून्यं वाचली, आणि माझ्याकडे पाहिलं. अनुभवी माणूस आहे. चपला घालून निघाला.
बाबांनी खुर्ची फिरवून घेतली. आता तोंड पुन्हा भिंतीकडे, टाकी पाठीमागे.
आजच सांगणार होते. पण त्यांनी रक्तदाबाची गोळी नुकतीच घेतली होती.

२४ सप्टेंबर, मंगळवार
ऑफिसात एका धान्यदुकानदाराचा काटा नापास केला. किलोमागे चाळीस ग्रॅम, त्याच्याच फायद्याचे. तो म्हणाला, मॅडम, काटाच तसा आहे, मी काय करणार. मी त्याला दहा मिनिटं ऐकवलं. काटा आपोआप बिघडतो, पण चालू मात्र माणूस ठेवतो, असंही म्हणाले. वाक्य चांगलं होतं. 
घरी येऊन सांगणार होते. आई नवीन पुस्तकांबद्दल बोलत होती, मध्ये तोडणं बरं दिसलं नसतं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
आत्याचा फोन आला होता. बाबा तिला सांगत होते, पोरीने एवढ्या हौसेने आणलेला मासा माझ्यापायी चाललाय, म्हातारपणी हात गप्प राहत नाहीत माझे. मी पलीकडे फिल्टर धूत होते. एकदा धुऊन झाला होता. पुन्हा धुतला. मग तिसऱ्यांदा.
नवा निर्णय: मासा बरा झाला की सांगण्याची गरजच उरणार नाही. जो मेलाच नाही, त्याला कोणी मारलं हा प्रश्न येत नाही. म्हणून सर्व शक्ती पाण्यावर. खारेपणा दिवसातून तीनदा मोजते आहे.

१ ऑक्टोबर, मंगळवार
इनामदार उठला. पोट उतरलं. सकाळी ७.१० ला दगडावर, पर पसरून.
धावत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांना आनंद झाला, डोळ्यांत दिसला. मी म्हणाले, खुर्ची फिरवू का. ते म्हणाले, “नको. तूच बघ त्याच्याकडे. मी लांब असलेलाच बरा.”
हिशेब चुकला माझा. मासा बरा झाला, एवढंच.

३ ऑक्टोबर, गुरुवार
सांगितलं.
तारखेवार खरी यादी छापून नेली. आलेखही काढला होता, जिवंत कोळंब्या निळ्या रेषेत, पोटाचा घेर लाल. तोंडाने सांगताना मी काहीतरी गाळेन अशी भीती होती. बाबांनी कागद लांब धरून, मग जवळ धरून वाचला. त्यांची गुरुवारची कोळंबीही मी घातली होती, वेगळ्या रंगात.
“म्हणजे माझी एक, आणि तुझ्या तीसएक?”
“बत्तीस,” मी म्हणाले.
त्यांनी आलेखावरची निळी रेषा बोटाने शेवटपर्यंत गिरवली. मला वाटलं, हसतील. हसले नाहीत.
“बारा दिवस मी भिंतीकडे तोंड करून बसलोय,” ते म्हणाले. “तू रोज माझ्यासमोरून जात होतीस.”
कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि आत गेले. जेवायला माझ्याबरोबर बसले नाहीत. आईने आम्हा दोघांकडे पाहिलं. मग बाबांचं ताट ती आत घेऊन गेली.

५ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी बघते तर खुर्ची टाकीकडे वळलेली. काचेवरचा माझा तक्ता काढलेला. त्याजागी बाबांचा, पट्टीने आखलेला, हेडक्लार्कच्या अक्षरात. खाऊ घालणार: वडील. मुलीने हात लावू नये.
आज त्याचा उपास सुटायचा होता. बाबांनी गोठवलेली कोळंबी काडीला लावून पाण्यात धरली. हलवली फारशी नाही. इनामदार आला, डोकं तिरकं केलं आणि खाल्ली. पहिल्याच खेपेला. इतके दिवस गरज होती ती त्याने खरोखर उपाशी असण्याची. मी दारात उभी होते.
बाबांनी नोंद केली, पेनाचं टोपण लावलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. विचारलं, घरात आता जिवंत कोळंब्या नाहीत ना.
मी ‘नाहीत’ म्हणाले.
बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे बादली आहे. सहा आहेत. प्रश्न अचानक आला.
उद्या सांगेन.