पौंड खाली आला की थांबा

ती. कडुबा दाजींना,

नमस्कार. तुमचा खोकला उतरला असेल आणि ताईचा गुडघा आता जिना चढू देत असेल, असं धरून चालतो. आम्ही दोघं बरे आहोत. हे बरेपण कसं टिकलं, तेच सांगायचंय. फोनवर सांगितलं असतं, पण माझा फोन सध्या आशाच्या ताब्यात असतो.

दिवाळीच्या सुटीत मी फोनवरून पौंडाचा, म्हणजे इंग्लंडच्या चलनाचा, व्यवहार शिकलो. सकाळी घ्यायचा, संध्याकाळच्या आत विकायचा. खातं आशाच्या नावावर (अनुदानित शाळेत मराठी शिकवणाऱ्यानं सट्टा खेळणं बरं दिसत नाही) आणि त्यातले वीस हजारही तिचेच, घरघंटीसाठी साठवलेले. पुस्तकात लिहिलं होतं की आधी किती गमवायचं ते ठरवा, मग किती घ्यायचं ते ठरवा. मी तिला विचारलं, एका दिवसात किती गेले तर तू बोलणार नाहीस? ती म्हणाली, दोनशे. मी म्हणालो, पाचशे? ती म्हणाली, दोनशे, पुढं बोलेन. एक लॉट म्हणजे हजार पौंड, त्यात भाव एक पैसा उतरला की दहा रुपये जातात. म्हणजे वीस पैशांत दोनशे. म्हणजे एकच लॉट. मला चार हवे होते. (चार हा आकडा कुठून आला ते मला आजही सांगता येणार नाही. एक फार एकटा वाटतो.)

अडचण वेगळीच निघाली. वीस पैसे खाली गेला की विकायचं, असं मी रोज सकाळी ठरवायचो. पण भाव त्या रेषेपाशी आला की मी रेषाच खाली सरकवायचो, एसटीत कुणी म्हातारं आलं की आपण सरकतो तसं. तेव्हा रेषा आणि माझं बोट यांची फारकत करणं भाग होतं. गुरुवारी मुकुंदवाडीला साखरपुडा होता. सकाळी एकशे सतरा रुपये भावानं एक लॉट घेतला, फोन आशाच्या हातात दिला, विकायचं बटण दाखवलं आणि एक सूचना लिहून ठेवली. अशा रेषेला बाजारात 'स्टॉपलॉस' म्हणतात, पण तो शब्द मला घरात नको होता. स्टॉप म्हणजे थांबा, सिडकोच्या बसचा असतो तोच. म्हणून स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'पौंड एकशे सोळा ऐंशीवर आला की थांबा.'

चार वाजता परतलो. आशा फोन समोर ठेवून भिंतीला टेकून बसली होती. पौंड एकशे सोळा पस्तीसवर.

"विकला नाहीस?"

"तुम्हीच लिवलं ना, थांबा म्हणून. दुपारपासून थांबलेय. जेवले पण नाय."

"अगं, थांबा म्हणजे विकून टाकायचं."

"मग 'विका' लिवायला शाई जास्त लागत होती का?"

मराठीच्या शिक्षकानं नुसतं बटणाकडं बोट दाखवलं. तिनं बटण दाबलं. साडेसहाशे गेले. माझे चार लॉट असते तर सव्वीसशे गेले असते. माझा शब्द चुकला, तिचा आकडा बरोबर होता, म्हणून घरात रात्री स्वयंपाक झाला. तिनं त्याच वेळी खात्याचा पासवर्ड बदलला आणि तुम्हाला कळवून ठेवला, हेही मला माहीत आहे.

मी आता हा नाद सोडला आहे. शुक्रवारपासून पौंडाचं नावही घेतलेलं नाही. (आज सकाळी तो एकशे सतरा चाळीसवर होता.)

ताईला नमस्कार सांगा.

तुमचा,
इंद्रजीत

ता. क. मी मागितला तरी पासवर्ड देऊ नका. बिडकीनला येऊन तुमच्या दारात बसलो तरी नाही.

ता. क. पुन्हा. सोमवारी सकाळी फक्त एकदा सांगाल का? नुसतं बघायचंय. फार तर एक लॉट.

भाऊजी, पत्र टपालात टाकायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. पासवर्ड देऊन टाका. पैसे मी कालच काढून घेतले. कमी पडले ते त्यांच्या पगारातनं घेतले. घरघंटी शनिवारी येतीय. खात्यात आता काहीच नाय. त्यांना किती थांबायचं तेवढं थांबू द्या. — आशा