बारा फुटांचा खड्डा

५ ऑक्टोबर, रविवार
पाणी तपासणीचं किट आलं. ट्रेनिंगला आम्ही पाच जणी होतो, आता मी एकटीच उरले. बाकी चौघींनी कारणं सांगितली. मी कारणं सांगणारी नाही.
पाण्याच्या सगळ्या जागा स्वच्छ म्हणून गावाला सलग चार वर्षं हिरवं कार्ड मिळालंय. यंदा पाचवं मिळालं की चंदेरी. ग्रामसेवक म्हणाले, मॅडम, सगळं तुमच्यावर आहे. ते सगळ्यांनाच असं म्हणतात, पण या वेळी खरं आहे.
संकल्प : या वहीत रोज खरं लिहायचं. वाचणारं कोणी नाही, तेव्हा अडचण नसावी.

६ ऑक्टोबर, सकाळी ७
आमच्या मागच्या गल्लीतल्या हापशाचं पाणी घेतलं. बाटली रेषेपर्यंत भरायची, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, दोन दिवस उबेला ठेवायची. पाणी काळं झालं तर पिण्यायोग्य नाही.
गल्ली जमली होती. हापशासमोर रुखमाबाईंचं घर. मुलगा-सून सुरतला कामाला, नात अपेक्षा त्यांच्याजवळ असते. रुखमाबाई म्हणाल्या, "काय वं बाई, पान्याचं लोनचं घालून राह्यल्या का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण बेताने.
बाटली गव्हाच्या कोठीत ठेवली.
आमच्या घरी हापशाचं पाणी पीत नाहीत. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं म्हणून आम्ही कॅन लावली आहे. तो वेगळा विषय.

८ ऑक्टोबर
काळं. शाईसारखं.
किट जुनं असणार. पाकिटावर मुदत २०२७ ची आहे. छापण्यात चुका होतात.

९ ऑक्टोबर
दोन बाटल्या भरल्या. एक हापशाची, एक आमच्या कॅनची. शास्त्रीय पद्धत हीच.

११ ऑक्टोबर
कॅनची होती तशीच. हापशाची काळी. पण ती कोठीत भिंतीच्या बाजूला होती. तिकडे ऊब जास्त.

१२ ऑक्टोबर, दुपार
ट्रेनिंगचं पुस्तक उघडलं. संडासाचा शोषखड्डा पाण्यापासून पंधरा मीटर लांब हवा, आणि खोल नको.
टेप सापडला नाही, म्हणून साडीने मोजलं. आमचा खड्डा ते हापसा : एक साडी आणि दोन हात. साडी साडेपाच मीटरची. पुढचं गणित केलं नाही.
दहा वर्षांपूर्वी आमचा संडास झाला तेव्हा सरकारी नकाशात दोन लहान खड्डे होते. ह्यांनी बारा फुटांचा एकच खणला. "दोन दोन कायले? आपल्या हयातीत उपसायचं कामच नाई." सगळा गाव बघायला आला होता. आदर्श शौचालय म्हणून फोटो निघाला. फीत कापायची कात्री हातात धरून मी. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अजून आहे.
दहा वर्षांत खड्डा भरला नाही. येईल त्या पाहुण्याला मी हे सांगते. आज पहिल्यांदा मनात आलं, मग ते जातं कुठे?
वरण चुलीवर होतं. उठले.

१३ ऑक्टोबर
ॲपवर निकाल भरायचा शेवटचा दिवस. "विचार चालू आहे" असं बटणच नाही. योग्य किंवा अयोग्य, एवढंच. योग्य दाबलं. तात्पुरतं. आठ दिवसांत दुरुस्त करीन.

१६ ऑक्टोबर
अपेक्षा दोन दिवस शाळेत नाही. जुलाब. ओआरएसची पाकिटं आणि दोन डाळिंबं घेऊन गेले. किती वेळा झाले, काल किती, परवा किती, असं विचारत बसले. रुखमाबाई वैतागल्या. "आता मोजाले बसू का मी?"
पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. पायांच्या काड्या झाल्यात.
हवाच तशी आहे. मुलांना होतं.

१८ ऑक्टोबर
आरोग्य केंद्रात नेलं होतं. अपेक्षा उठून बसली. याचा अर्थ पाणी बरं आहे.
तरी क्लोरीनच्या थेंबांची बाटली आणली. योजना : रोज रुखमाबाईंकडे जायचं, पाणी मागायचं, "बसा तुम्ही, मी घेते" म्हणत स्वतः माठाशी जायचं आणि थेंब टाकायचे. गल्लीतल्या बाकीच्या घरांचं नंतर बघू.
सरळ सांगत का नाही? उगाच घबराट होईल. दिवाळी तोंडावर आली आहे. आणि तो फोटो आहे.

१९ ऑक्टोबर
योजनेत एक त्रुटी निघाली. पाणी मागितलं की प्यावं लागतं. रुखमाबाई समोर बसून राहिल्या. "प्या ना वं. भांडं घासेल हाये." प्यायले. संध्याकाळी पोटात मुरडा, तीनदा जाऊन आले. ह्यांनी विचारलं, काय खाल्लं? म्हटलं, काही नाही.
माझंच पोट दुखलं हे एका अर्थी बरं झालं. थोडी फिट्टंफाट.

२२ ऑक्टोबर, पाडवा
आजही गेले. रुखमाबाई म्हणाल्या, "चार-पाच दिवसापासून पान्याले दवाखान्यासारका वास येते. नाकात बसते." मी म्हटलं, हवा बदलली ना. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग चकली दिली.
चकली अर्धीच खाल्ली. मोहन कमी पडलं असेल.

२७ ऑक्टोबर
ह्यांच्याशी बोलले. खड्डा उपसून बुजवू, लांब दोन लहान करू. हे जेवता जेवता थांबले. "दहा सालात भरला नाई आन तू म्हनते बिघडला? भरला नाई म्हंजे चांगलाच हाये न तो!"
माझंच वाक्य. दहा वर्षं मीच पाहुण्यांना सांगत आले. आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

३० ऑक्टोबर
तपासणीचं पथक आलं. माझी नोंद बघितली, हापशाचा ओटा बघितला, चहा घेतला. हिरवं. चंदेरी कार्डासाठी शिफारस. लगेच सत्कार, शाल आणि नारळ. सगळ्यात जोरात टाळ्या रुखमाबाईंच्या. अपेक्षाला कडेवर घेऊन वाजवत होत्या. सात वर्षांची पोर कडेवर मावते.
शाल पेटीच्या तळाशी टाकली.

३१ ऑक्टोबर
उद्या सांगणार. भाषण लिहून काढलं. चार मुद्दे. तिसऱ्या मुद्द्यावर डोळे पुसायचे.

१ नोव्हेंबर
शनिवार. कोणाकोणाचे उपास असतील. सोमवारी.

३ नोव्हेंबर, दुपार
गेले. कागद ब्लाउजमध्ये होता, काढायचा धीर झाला नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "रुखमाबाई, या हापशाचं पाणी पिऊ नका."
"हाव," त्या म्हणाल्या. तूर निवडत होत्या. "कोन पेते?"
मी म्हटलं, म्हणजे?
"पोरगी बिमार पडली त डॉक्टरीनबाईनं इचारलं, पानी कुठलं. मंग म्हने, ते बंद करा. तवापासून साऱ्या गल्लीनं बंद केलं. शंकररावाच्या मळ्यातल्या हिरीचं आनतो. आन मले त आधीच शंका होती."
कशावरून?
"तुमच्या बाटलीवरून. चांगली निंगाली असती त साऱ्या गावाले दाखवत फिरल्या असत्या तुमी."
मी बसले. मळा एक किलोमीटर लांब आहे. म्हटलं, पण मी रोज खिडकीत असते. कोणी पाणी आणताना मला दिसलं कसं नाही?
त्या तूर निवडत राहिल्या. "मांगून जातो आमी, नाल्यानं. समोरून नेलं असतं त तुमाले दिसलं असतं. जीवाले लागलं असतं तुमच्या. तुमी दिसल्या का मंग एखादी भांडी घासाले हापसा मारे."
खड्ड्याचं सांगायला मी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "ठाऊक हाये. राहू द्या. त्या फोटोत किती खुश हाये तुमी."
थोड्या वेळाने सूप खाली ठेवलं. "एक बोलू का, बाई? राग नका मानू. ते माठात दवाई टाकनं बंद करा. पोरगी पेतच नाई तसं पानी. तुमी गेल्या का सारा माठ सांडा लागे, आन पुन्हा दोन खेपा."
पंधरा दिवस मी गेले. रोज दोन खेपा.
म्हणजे माझं पोट त्या दिवशी चांगल्या विहिरीच्या पाण्याने दुखलं.

४ नोव्हेंबर
ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं. तोंडी नको, लेखी द्या म्हणाले. दिलं. नोंद खोटी केली, असंच लिहिलं. ग्रामसेवकांनी दोनदा वाचलं. चंदेरी कार्डाचं काय, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मी त्यांना विचारलं नाही.
हापशाला धोक्याचा लाल रंग द्यायला शिपाई नव्हता. मीच दिला. हे ओसरीवरून बघत होते. संध्याकाळी टेप शोधून हे खड्ड्याशी गेले, बराच वेळ उभे होते.

५ नोव्हेंबर, सकाळी ६
दार वाजलं. रुखमाबाई, पाण्याचे दोन रिकामे गुंड घेऊन. विचारत होत्या, "आता समोरून आनू ना पानी? नाल्यात चिखल लय हाये."
मी म्हटलं, आणा. आणि थांबा, मीही येते.
संकल्प : नळाला रोज पाणी येईपर्यंत रोज रुखमाबाईंचा एक गुंड मी आणणार.
मळ्यापर्यंत छान गेले. येताना भरलेला गुंड कमरेवर घेतला. वाटेतल्या चिंचेपर्यंत आले. तिथे रुखमाबाईंनी तो माझ्याकडून काढून घेतला, स्वतःच्या डोक्यावरच्या गुंडावर चढवला आणि पुढे चालू लागल्या. मी मागून त्यांना चुंबळ सांभाळा, चुंबळ सांभाळा, असं सांगत आले.